तात्यांसाठी गुऱ्हाळाच्या भिंतीवर ड्राइव्ह-इन कसं केलं, तुम्हाला करायचं असेल तर वाचा

आमचे तात्या ऐंशीच्या दशकात मुंबईत एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शेठ फॅमिली घेऊन वांद्र्याच्या ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीत बसूनच पिक्चर बघायच्या उघड्यावरच्या थेटराला जायचे, तात्यांना स्टिअरिंगवर बसून फुकटात पिक्चर. ते थेटर २००० नंतर बंद पडलं, आता तिकडं नुसत्या काचेच्या बिल्डिंगा. २०२१ मध्ये त्याच भागात मॉलच्या गच्चीवर नवीन ड्राइव्ह-इन झालंय म्हणून सांगितलं तर म्हणाले, गच्चीवर कसलं आलंय, जमीन पायजे. मग म्हटलं जमीन आपल्याकडं हाय की.

आधी एक सांगतो म्हणजे धीर येईल. ही सगळी भानगड सुरूच घरगुती जुगाडातनं झाली. अमेरिकेत न्यू जर्सीत रिचर्ड हॉलिंग्सहेड म्हणून एकजण होता, त्यानं घराच्या अंगणात दोन झाडांना चादर ठोकली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, चादरीमागं रेडिओ लावला, आणि पाऊस आला तर कसं दिसेल बघायला गाडीवर पाण्याचा फवारा सोडला. मग १९३३ च्या जूनमध्ये कॅम्डेनजवळ खरं थेटर काढलं. आणि ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा देशी कॅमेरा बनवला तिथल्या माणसाला जुगाड काय शिकवायचा.

पडदा: विकत आणू नका. आमचं गाव करवीर तालुक्यात, तिथं चुलत्यांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे, त्याच्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले, झालं काम. चादर वाऱ्यानं फुगते आणि मग हिरोचं तोंड कधी जाड कधी बारीक. भिंत नसेल तर चादर खाली-वर बांबूला ताणून बांधा.

प्रोजेक्टर भाड्यानं आणा. स्वस्तातल्या खोक्यावर छापलेल्या लुमेन्सवर, म्हणजे उजेडाच्या आकड्यावर इस्वास ठेवू नका, दुकानातच दिवे घालवून चालवून बघा. साधारण १२ फुटावर ठेवला तर १० फूट रुंद चित्र पडतं, मॉडेलनुसार थोडं इकडंतिकडं. अंधार मात्र पूर्ण पायजे. फेब्रुवारीत आपल्याकडं साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान दिवस मावळतो, साडेसातशिवाय सुरू करू नका. अमेरिकेतली ड्राइव्ह-इन बंद पडायला जागेचे भाव, घरोघरी आलेला व्हिडिओ अशी बरीच कारणं झाली, पण उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करायचा नियम आला हे पण एक, कारण अंधारच उशिरा पडायला लागला आणि पोरंबाळं घेऊन कोण एवढा वेळ थांबणार. अंधार पायजे म्हणूनच पुनव पण टाळा. मी अवस धरली तर आज्जीनं दोन दिवस अबोला धरला, शेवटी आदल्या दिवशी केलं. एप्रिल-मेच्या नादाला लागू नका, वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.

आता गाड्या, खरी गंमत इथंच आहे. पुढच्या गाडीचं टप मागच्याच्या नजरेत येतं. हॉलिंग्सहेडनं पुढच्या चाकाखाली ठोकळे घालून घालून नाकाड किती वर पायजे ते बसवलं आणि त्यावरनं थेटरात मातीचे उतार केले, त्याचंच पेटंट घेतलं. आम्ही मातीचा भराव टाकून धुमसानं ठोकून घेतला, चाकं त्यावर चढवली. नुसत्या विटांवर चढवू नका, फुटतात. हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकांना दगड, तिन्ही पायजेतच. पुढं ओमनी, मागं बोलेरो, सगळ्यात शेवटी ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यात गादी टाकून पोरं. आणि हो, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, मागचा लाल उजेड भिंतीपर्यंत जात नसला तरी मागच्याच्या डोळ्यात जातो. आतला दिवा पण बंद.

आवाजात आम्ही पहिल्यांदा फसलो. ब्लूटूथ लावला तर ओठ आधी हलायचे आणि डायलॉग मागनं यायचा, वायर टाकली तेव्हा बसलं. पूर्वी पडद्यापाशीच मोठे भोंगे असायचे, मागच्या गाडीला आवाज उशिरा पोचायचा आणि शेजारीपाजारी वैतागायचे. म्हणून पुढं चाळीसच्या दशकात प्रत्येक गाडीच्या खिडकीला अडकवायचा छोटा स्पीकर आला, नंतर गाडीच्याच एफएमवर आवाज. तो एफएमचा नाद आपण करायचा नाही, परवाना लागतो. दोन वायरवाले स्पीकर मधल्या रांगेत ठेवा, भागतंय.

लाईट मोटरपंपाच्या कनेक्शनवरनं घेऊ नका, एकतर ते कनेक्शन त्यासाठी नसतंय आणि मधेच गेली की पिक्चर पण गेला. घरचा इन्व्हर्टर आणला. उजेडावर किडे येणारच, एक पाकोळी लेन्सवर बसली तर भिंतीवर गरुडाएवढी, पोरं शिट्ट्या मारायला लागली. लांब बांधावर एक पांढरा बल्ब लावा, थोडे तिकडं जातात. पाचट आधी लांब करा आणि बिडीकाडीवाल्यांना ट्रॉलीपासनं लांब बसवा. आणि हे घरच्यांपुरतंच बरं का, तिकीट लावलं किंवा गाव गोळा केला तर पिक्चरचे हक्क वगैरे सगळं आलं.

खायला भडंग आणि भाजक्या शेंगा. टरफलं गाडीत सांडली म्हणून नंतर भांडणं नकोत, पिशवी द्या प्रत्येकाला.

तात्या ओमनीत स्टिअरिंगवर बसले, काच खाली, कोपर बाहेर. इंटरव्हलला चहा द्यायला गेलो तर ते पिक्चरकडं बघतच नव्हते, आतला आरसा खाली करून मागं झोपलेल्या नातवंडांकडं बघत बसलेले. म्हणाले, शेठची पोरं पण अशीच झोपायची, घरी नेताना मी खड्डा बघून गाडी घ्यायचो.

एक राहिलं, जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची वायर ठेवाच. अडीच तास गाडीतला टेप आणि पंखा चालू ठेवला तर बॅटरी बसते. आमची ओमनी बसली. रात्री साडेदहाला सगळ्यांनी मिळून ढकलली, तात्या आत बसून ओरडत होते, हळू, पोरं उठतील.