मालधक्क्यावर कामाला लागण्याआधी डब्यावरचा नंबर वाचायला शिका

आमच्याकडे मालधक्क्यावर युरियाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागला की आजूबाजूच्या तालुक्यांतली कृषी केंद्रं जागी होतात. ४२ बंद डबे, अडीच हजार टनांच्या आसपास माल, म्हणजे ४५ किलोची ५० हजारांवर पोती. पाऊस पडून गेलेला, कपाशीला खत हवं असतं आणि रेक वेळेत रिकामा झाला नाही तर तासाच्या हिशेबानं डॅमरेज, म्हणजे डबे अडकवल्याचा दंड, चढतं. बारावीनंतर मी इथंच एका ठेकेदाराकडे लिखापढीला लागलो. आता गावातली पोरं विचारतात, "दादा, सगळं ऑनलाइन झालं, मंग तिथं माणसाचं काय काम?"

ऑनलाइन झालंय, हे खरं. मालगाड्यांचा सगळा हिशेब फॉइस या प्रणालीत असतो आणि ती क्रिस ही रेल्वेचीच संस्था सांभाळते. वॅगनची मागणी घरबसल्या नोंदवता येते, आरआर, म्हणजे मालाची रेल्वे पावतीसुद्धा इलेक्ट्रॉनिक निघते. कोळशाच्या गाड्या हळू चालत्या-चालत्याच काट्यावरून तोलल्या जातात. पण हे सगळं उभं आहे डब्यावर रंगवलेल्या अकरा आकड्यांवर, आणि ते कोणी शिकवत नाही.

पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात: १० ते २९ उघडा, ३० ते ३९ बंद, ४० ते ४९ टाकी. पुढचे दोन मालक रेल्वेचे. ०१ म्हणजे मध्य रेल्वे. मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार त्या डब्याचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. समजा नंबर आहे ३१ ०१ १४ २७३५ ७. पहिल्या दहा आकड्यांतले सम जागांवरचे आकडे मिळवा: १८. तिप्पट केली की ५४. विषम जागांवरचे ९ त्यात घाला, ६३ झाले. पुढच्या दहाच्या पाढ्यातल्या संख्येला, म्हणजे ७० ला, ७ कमी. तोच शेवटचा आकडा. एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथंच धरली जाते.

या हिशेबावर माझा फार भरवसा होता. एका रात्री पावसात बिघाड असलेल्या डब्याचा नंबर उतरवताना मी २७ च्या जागी ७२ लिहिलं. पडताळणीचा आकडा तरीही ७ च आला. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल तर त्यांची अदलाबदल या हिशेबाला कळतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भलत्याच डब्याच्या नावावर बिघाड नोंदवला गेला आणि तो निस्तरण्यात सकाळ झाली. आमच्यातले एक म्हातारे हमाल म्हणाले, "डबा समोर उभा हाये ना बाबू, मंग बसल्या जागून काहून लिहून रायला?" मी खरंच शेडमध्ये बसून, दुसऱ्याने ओरडून सांगितलेला नंबर लिहिला होता.

आता डब्यांवर आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या पट्ट्या, लागताहेत. त्यांना बॅटरी लागत नाही, रुळालगतचा रीडर गाडी जाताना नंबर उचलतो. ही चांगलीच गोष्ट आहे, माझ्यासारखी चूक त्यानं टळेल. पण टॅग निघालेला, रीडर बंद, डबा बदललेला अशा वेळी कोण ओळखणार? म्हणून ज्याला डबा कळतो त्याचं काम उरतं, असं मला वाटतं.

रेल्वेत थेट जायचं असेल तर आरआरबीच्या, म्हणजे रेल्वे भरती मंडळाच्या, एनटीपीसी (बिगर-तांत्रिक पदांच्या) परीक्षेकडे बघा. बारावीवर कमर्शियल कम तिकीट क्लार्क, पदवीवर गुड्स ट्रेन मॅनेजर. याच पदाला २०२२ पर्यंत गुड्स गार्ड म्हणत. परीक्षा मराठीतूनही देता येते, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांना ठाऊक नसतं आणि ती हिंदीच्या धाकानं फॉर्मच भरत नाहीत. भरा.

आणि त्याआधी, जवळच्या मालधक्क्यावर रेक लागला की परवानगी घेऊन, रुळापासून लांब उभं राहून वहीत दहा नंबर उतरवा. घरी येऊन प्रत्येकाचा शेवटचा आकडा स्वतः काढा. जुळला नाही, तर पुन्हा जाऊन डबा बघा.