किती वाजताचा पाऊस?

जून उजाडला की हवामानशास्त्र घेऊ का, असं विचारणारे फोन मला सुरू होतात. बहुतेक मुलं आपल्याकडचीच, दापोली-गुहागरपासून देवगडपर्यंतची. कुठला क्लास, कुठलं पुस्तक, एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा, द्यावी की संशोधनात जावं, असे प्रश्न असतात. त्यावर बोलतेच, पण आधी अण्णांबद्दल सांगू दे. त्यांच्याशिवाय मला या विषयाबद्दल बोलताच येत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. हवाई दलात मेट असिस्टंट, म्हणजे हवामान सहाय्यक होते. जोधपूर, जोरहाट आणि शेवटी लोहगाव. धावपट्टीशेजारच्या खोलीत बसून तासातासाला निरीक्षण घ्यायचं: आकाश किती अष्टमांश झाकलंय, ढगाचा तळ किती उंचावर आहे, कुठवरचं दिसतंय, सुका आणि ओला तापमापक काय सांगतोय. फुगा सोडून थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, त्याचा माग काढायचा. त्या आकड्यांवर अधिकारी अंदाज बांधत आणि पहाटे विमानं उडत. "आकडा अंदाजपंचे लिहायचा नाय. वर कुणाचा तरी झील असतो," असं ते म्हणायचे. झील म्हणजे मुलगा.

आम्ही शाळेसाठी हर्णैजवळ गावीच राहिलो. त्यांचं पत्र यायचं त्याची पहिली ओळ हवामानाची असे, दुसरी आजीच्या दम्याची. रजेवर आले की आई लावणीला शेतात आणि आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या घालायचं काम अण्णांकडे. घट्ट, सरळ भांगाच्या, शाळा सुटेपर्यंत न सुटणाऱ्या वेण्या. वेणी घालता घालता वारा कुठून येतोय ते विचारायचे, आणि उत्तर चुकलं तर रिबीन हातात धरून अंगणात नेऊन दाखवायचे.

१९९६ साली निवृत्त होऊन आले आणि पहिल्याच मिरगाआधी माडांपासून लांब, खळ्यात पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला माप. नोंद पेन्सिलने, कारण शाई ओल्या हाताने फिसकटते. मोठा पाऊस असला की दिवसातून तीन-चारदा भांडं रिकामं करून बेरीज करायचे. ओटीवर दोन घड्याळं होती. एक आपलं, दुसरं साडेपाच तास मागे. ते दुसरं त्यांचं 'झेड टाइम', म्हणजे यूटीसी, जगभरची प्रमाणवेळ. आम्ही लहानपणी समजायचो ते बिघडलंय.

आता माझी चूक. ही मी लांबवून सांगणार आहे, कारण तिने माझे तीन महिने खाल्ले आणि दर वर्षी कुणीतरी नव्याने तिच्यात पडतं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता, किनाऱ्यावरचा पाऊस उपग्रहाला कितपत नीट दिसतो. जमिनीवरची नोंद म्हणून अण्णांची वही, शेजारी उपग्रहांवरून पाऊस मोजणाऱ्या जीपीएम मोहिमेचा आयमर्ग नावाचा डेटा, २०१४ ते २०१७ चे चार पावसाळे. तारखेला तारीख लावून दोन्ही स्तंभ जोडले. सहसंबंध इतका वाईट आला की या दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. कोड दहा वेळा तपासला. मग ठरवून टाकलं की दोष वहीत आहे. घरगुती उपकरण, वय झालेला माणूस. हे मी फोनवर अण्णांना सांगितलंसुद्धा. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाय, तुझ्या उपग्रहाचा दिवस किती वाजता उजाडतो गो?" मला उत्तर येत नव्हतं. मी विषय बदलला.

सावकाश वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, आणि आकडा लिहिला जातो तो संपतो त्या तारखेला. मंगळवारी दुपारी तीनला कोसळलेला पाऊस बुधवारच्या नोंदीत येतो. २६ जुलै २००५ म्हणून आपण ज्या दिवसाच्या आठवणी काढतो, त्यातला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैला सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. आयमर्गच्या दैनिक फाइलचा दिवस मात्र यूटीसीच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, आणि त्यावर तारीख असते सुरू झालेल्या दिवसाची. मंगळवारचा तोच पाऊस तिथे मंगळवारीच. मी बुधवारशेजारी बुधवार ठेवून दोन वेगळ्या पावसांची तुलना करत बसले होते.

एक दिवस सरकवलं की झालं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. आकडे सुधारले, पण पुरते नाहीत, कारण पहाटे साडेपाच ते साडेआठ हे तीन तास अजून चुकीच्या खात्यात होते. आपल्याकडची पहाटेची सर काय असते ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा दैनिक फाइल घेऊच नका. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाइली घ्या, यूटीसी तीन ते दुसऱ्या दिवशीच्या तीनपर्यंत बेरीज करा आणि संपत्या दिवसाची तारीख द्या. त्या फाइलींत पाऊस मिलिमीटर प्रति तास असा असतो, म्हणून बेरजेआधी प्रत्येक आकडा निम्मा करा. हेही मी एकदा विसरले होते आणि अख्खा पावसाळा दुप्पट झाला होता.

एवढं केल्यावर अण्णांची वही आणि उपग्रह असे जुळले की मी ओटीवर जाऊन रडले. त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली आणि विचारलं, "जेवलीस काय?"

उपग्रहाचा दिवस किती वाजता उजाडतो, हा अण्णांचा प्रश्न माझ्या मार्गदर्शकांनी तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. म्हणून माझं मत पक्कं आहे: ज्याने कधी स्वतः भर पावसात जाऊन माप वाचलेलं नाही, त्याच्या हाताखाली पहिला प्रकल्प करू नका. आणि सीनियरने दिलेला तयार कोड चालवू नका. तो चालतो, हाच त्यातला धोका आहे. मोबाइलवरचे रंगीत नकाशे बघून अंदाज सांगणारे तर सोडूनच द्या.

बाकीचं थोडक्यात. हवाई दलाच्या मेट शाखेत अधिकारी व्हायचं तर पदवीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. नेमके टक्के त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका. बी.एस्सी.ला गणित सोडून बसलेल्या मुली मला भेटतात तेव्हा पोटात तुटतं. पण गणित असून जमत नाही म्हणून घाबरला असाल, तर घाबरू नका. मला पहिल्या सत्रात गतिकीत काठावर गुण होते. इंग्रजीचंही तेच. सहा महिन्यांत कान तयार होतो.

आणि पुस्तकातलं बाहेर आणून बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची कौलं उडत होती, वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडत होत्या. सगळ्यांना माजघरात बसवून अण्णा मधूनमधून मागच्या दारात जायचे, वाऱ्याकडे पाठ करून डावा हात लांब करायचे. बाइज बॅलटचा नियम, आपल्या गोलार्धात वाऱ्याला पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला. वारा आधी आग्नेयेचा, तेव्हा हात नैर्ऋत्येला. मग वारा दक्षिणेचा झाला, हात पश्चिमेला. शेवटी नैर्ऋत्येचा वारा आणि हात वायव्येला गेला, तसे ते आत आले आणि रडणाऱ्या माझ्या भाचीला मांडीवर घेऊन म्हणाले, "गेला वर. अलिबागकडे चालला." नेटवर्क कधीच गेलं होतं. संध्याकाळी रेडिओवर तेच ऐकलं.

अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. वही आता मी आणि आई चालवतो. मी पुण्यात असले की साडेआठला आईचा फोन येतो, आकडा दशांशासकट. गेल्या महिन्यात ओटीवरचं दुसरं घड्याळ बंद पडलं. आईने स्वतःच हर्णैहून सेल आणून ठेवला होता. मी स्टुलावर चढले, सेल घातला आणि काटे फिरवायला लागले, तर ती खालून म्हणाली, "साडेपाच तास मागे लाव हां."