ओणमची काकडी किचडी

केरळात ‘किचडी’ म्हणजे आपली खिचडी नव्हे. ओणमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या मेजवानीत, केळीच्या पानावर वाढतात ते दह्यातलं तोंडीलावणं. कोचीला असताना शेजारच्या चेचीनं, म्हणजे ताईनं, मला शिकवलं.

एक काकडी बारीक चिरून मीठ, दोन हिरव्या मिरच्या आणि जेमतेम पाण्यात मऊ शिजवा. अर्धी वाटी ओलं खोबरं आणि चिमूटभर जिरं गुळगुळीत वाटा. अर्धा चमचा मोहरी शेवटी घालून नुसती भरडा; जास्त वाटली तर कडू होते, आणि खरा झणका तिचाच! वाटण काकडीत घालून दोन मिनिटं उकळा. गार झाल्यावरच वाटीभर घुसळलेलं दही घाला, नाहीतर फुटतं. वरून मोहरी, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. ती खोबरेलातच हवी, दुसरं तेल मला चालत नाही.