जुन्या लॅपटॉपसाठी पीसी कार्ड कसे ओळखावे

जुन्या लॅपटॉपच्या कडेच्या स्लॉटमध्ये सरकवायचे नेटवर्कचे, मोडेमचे किंवा मेमरीचे कार्ड, म्हणजेच पीसी कार्ड, घेताना सर्वाधिक गोंधळ ‘टाइप’ या शब्दामुळे होतो. टाइप १, २ आणि ३ हे आकडे केवळ कार्डाची जाडी सांगतात, ती अनुक्रमे ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर असते. जोडणी तिन्हींची ६८ पिनांचीच असल्यामुळे जाड कार्डाच्या स्लॉटमध्ये पातळ कार्ड बसते, मात्र ते कोणत्या बसवर (म्हणजे संगणकातील माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गावर) चालते हे जाडीवरून कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो.

त्यासाठी यंत्राचा काळ पाहावा. या कार्डांची मानके ठरवणारी पीसीएमसीआयए ही संघटना १९८९मध्ये स्थापन झाली. तिचे १९९०चे पहिले मानक मेमरी कार्डांपुरतेच होते, मोडेम आणि नेटवर्क कार्डांची सोय १९९१च्या २.० आवृत्तीत झाली. ही सारी कार्डे १६ बिटांची होती. १९९५मध्ये डेस्कटॉप संगणकांतील पीसीआय या बसच्या धर्तीवर चालणारी, ३२ बिटांची आणि ३.३ व्होल्टची कार्डबस आली.

कार्ड हातात घेऊन जोडणीकडील कडा नीट पाहावी. तेथे बारीक उंचवटे असलेली सोनेरी धातूची पट्टी दिसली, तर ते कार्डबस समजावे. १६ बिटांचे कार्ड कार्डबसच्या स्लॉटमध्ये सहसा चालते, परंतु कार्डबसचे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये शिरू नये म्हणून त्याच्या कडेची खाच मुद्दामच वेगळी ठेवलेली असते. म्हणून कार्ड शेवटपर्यंत जात नसेल, तर जोर अजिबात लावू नये, कारण पिना कार्डात नसून स्लॉटच्या आत असतात आणि त्या वाकल्या की दुरुस्ती फार अवघड होते.

योग्य कार्डही डॉस या विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीमध्ये आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी सॉकेट सर्व्हिसेस व कार्ड सर्व्हिसेस ही सॉफ्टवेअरे किंवा त्या कार्डासोबत फ्लॉपीवर मिळणारा ‘एनेबलर’ (ते कार्ड सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) लागतो, तेव्हा ती फ्लॉपी मिळाल्याशिवाय कार्ड घेऊ नये. विंडोज ९५मध्ये ही सोय अंगभूत आहे.

केवळ फायली हलवायच्या असतील, तर कॉम्पॅक्टफ्लॅश हे छोटे मेमरी कार्ड आणि त्याचा साधा अडॅप्टर हाच मार्ग मी सुचवेन. त्या अडॅप्टरमध्ये कॉम्पॅक्टफ्लॅशच्या ५० पिना स्लॉटच्या ६८ पिनांच्या जोडणीला जोडण्यापलीकडे काहीच नसते, त्यामुळे तो १६ बिटांच्या स्लॉटमध्येही चालतो. मात्र डॉस ६.२२ आणि सुरुवातीच्या विंडोज ९५मध्ये एका पार्टिशनची (डिस्कच्या एका भागाची) मर्यादा २ गिगाबाइट असल्याने त्याहून मोठे कार्ड घेऊ नये.