दादा बरा असतो, तेव्हाच ठरवायच्या गोष्टी

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. थोरल्या भावाला, दादाला, बायपोलर आजार आहे, म्हणजे मन काही दिवस अति उत्साहाने चढतं आणि काही दिवस उदासीत उतरतं, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. मीच लपवत नाही. त्यामुळे बियाण्याची पिशवी घ्यायला आलेला एखादा माणूस गर्दी सरेपर्यंत थांबतो आणि हळूच विचारतो, "आमच्या पोराचं असं असं झालंय, काय करावं?" डॉक्टर आधी, हे तर मी सांगतोच. त्याच्या पुढचं, घरच्यांनी करायचं, ते इथं लिहितो.

जे काही ठरवायचं ते माणूस बरा असताना, त्याला समोर बसवून ठरवा. चढलेल्या दिवसांत दादा कुणाचं ऐकत नाही. उतरलेल्या दिवसांत कशालाही 'हो' म्हणतो आणि त्या 'हो'त काही दम नसतो. मधले महिने मात्र चांगले जातात, तेव्हा तो माझ्यापेक्षा व्यवहारी असतो. बहुतेक घरं हे महिने "उगीच कशाला आठवण काढायची" म्हणत घालवतात. काढा आठवण.

आमच्याकडे पोळा झाला की दादा, वहिनी, मी आणि एक मावसभाऊ वही घेऊन बसतो. आधी पैसा. एकदा चढलेला असताना दादाने हरिनाम सप्ताहात माईकवरून एक्कावन्न हजारांचं अन्नदान जाहीर केलं आणि त्यासाठी मोंढ्यात आडत्याकडून सोयाबीनवर उचल घेतली. गावात चारचौघांत दिलेला शब्द मागे घेता येत नाही, फेडावाच लागला. आता एटीएम कार्ड वहिनीकडे असतं, मोठं खातं दोघांच्या सहीचं आहे, आणि आडत्याला दादाने स्वतः जाऊन सांगितलंय की माझ्या एकट्याच्या सांगण्यावर उचल देऊ नको. हे त्यानेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर गावाने त्याला भावाभावांतला वाटणीचा वाद म्हटलं असतं.

अटी त्याच्याही असतात, त्याही वहीत लिहा. दादाच्या दोन आहेत. पाव्हण्यांसमोर "गोळी घेतली का" असं विचारायचं नाही. आणि तो रागावला की लगेच "आजार वाढला" म्हणायचं नाही. खताचा हिशेब मी चुकवला तर रागावण्याचा त्याला हक्क आहे.

मग खुणा. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, म्हणून आपापल्या घरच्या लिहून काढा. दादाची झोप आधी कमी होते. पहाटे तीनला उठून अंगण झाडतो, जुन्या वर्गमित्रांना फोन लावतो आणि तरी दिवसभर दमत नाही. सलग दोन रात्री असं झालं की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, हे वहीत त्याच्याच अक्षरात आहे. ती खूण त्याला दाखवायचं काम माझं नाही, वहिनीचंही नाही. मावसभावाचं. त्याचं तो ऐकतो, का ते देव जाणे.

कायद्याचाही आधार घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आजारी माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. उपचाराच्या वेळी दवाखाना मग त्याच्याशी बोलतो. दादाने वहिनीला नेमलंय. मला नेमेल असं वाटलं होतं, पण त्याची निवड बरोबर आहे.

दादाची मुख्य गोळी लिथियमची. ती त्याला लागू पडली आहे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यावर नजर ठेवावी लागते. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम कमी बाहेर टाकतात आणि ते रक्तात साठत जातं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर, पिण्याचं पाणी टँकरचं, आणि माणूस भर उन्हात शेतातल्या आखाड्यावर. म्हणून त्या दोन महिन्यांत घरात पाण्याची कितीही ओढाताण असली तरी दादाचा हंडा वेगळा भरलेला असतो. स्वतःच्या मनाने मीठ तोडायचं नाही, अचानक वाढवायचंही नाही. निर्जळी उपवास नाही. एकादशीला पाणी पिऊन पुण्य कमी होत नाही, हे आमच्या आईला महाराजांकडूनच वदवून घ्यावं लागलं. शेगावची पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा दादा एक मुक्काम चालतो, पण पाण्याची बाटली हातात असेल तरच.

अंग दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायची आपली सवय असते. लिथियमवाल्याने ती सोडावी, या गोळ्यांनीही रक्तातलं प्रमाण वाढतं. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी कुणी लिहून दिली तर आधी लिथियम चालू आहे म्हणून सांगा. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी करायची, म्हणजे सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही अधूनमधून लागते. उलट्या, जुलाब, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी दवाखाना गाठा, त्याच दिवशी, गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन.

देवऋष्याचा विषय निघतोच. "भानामती केली" म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक भावकीत असतं. माझं मत असं: देवाला जाण्यावरून घरात भांडू नका, त्यात घर फुटतं आणि गोळ्या राहून जातात. जायचं तर जा, पण गोळ्या पिशवीत, आणि कुणी बांधून ठेवणार नाही, मारणार नाही, औषध बंद करा म्हणणार नाही, एवढं बघून. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं किंवा साखळदंडाने बांधणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता माझ्या धंद्यातलं. उतरलेल्या माणसाच्या घरात फवारणीचं औषध नको. उरलेली अर्धी बाटली माळ्यावर, बाजेखाली, गोठ्यात ठेवतात. ती घरातूनच नव्हे, त्याच्या आखाड्यावरूनही हलवा आणि दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. लागेल तेवढंच विकत घ्या. दुकानदार असून मी हे सांगतो. साठवलेल्या गोळ्यांनाही हाच नियम. लिथियमच्या जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं. आणि "मरावंसं वाटतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ ही सरकारची टेली-मानस लाइन आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

भरती करायची वेळ आली तर येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चारही मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर. पण आधी तिथंच जायला हवं असं नाही. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातही ओपीडी असते. कुठं न्यायचं, गाडी कुणाची, बरोबर कोण, हेही वहीत आधीच लिहा. रात्री दोन वाजता जीप शोधत फिरणं नको.

दिव्यांग प्रमाणपत्र मानसिक आजाराचंही मिळतं, २०१६ च्या कायद्याप्रमाणे. ४० टक्के किंवा जास्त निघालं तर एसटीची सवलत आणि इतर योजनांचा रस्ता खुला होतो. "शिक्का बसेल" म्हणून लोक काढत नाहीत. दादाने काढलं.

राहता राहिली वहिनी. आजाऱ्याची चौकशी सगळे करतात, तिची कुणी करत नाही. चढलेल्या दिवसांत रात्रीचा पहारा आम्ही वाटून घेतो. एक रात्र ती शेजारच्या खोलीत दार लावून झोपते, आणि दादाने हाक मारली तरी उठायचं नाही, असं ठरलंय. महिन्यातून एकदा माहेरी जाते, मागे तिचा फोन आम्ही लावत नाही. बाकीच्या सोयऱ्यांना कामं वाटून द्या, नाहीतर ते फक्त सल्ले देतात. पुण्याची आमची धाकटी बहीण रोज फोनवर नवा डॉक्टर सुचवायची. तिला म्हटलं, "ताई, महिन्याच्या गोळ्या आणि तपासणीचा खर्च तुझ्याकडे." आता पैसे एक तारखेला येतात. डॉक्टरही सुचवतेच.