ट्रेलर ओढताना डिझेल जास्त जातंय? या चुका टाळा

गाडीमागे कॅम्पिंगचा ट्रेलर लावला की ॲव्हरेज पडणारच, त्याला इलाज नाही. पण जेवढं पडायला हवं त्याच्या दुप्पट पडतं आणि मग लोक पहिल्याच ट्रिपनंतर पंपावरची ॲडिटिव्हची (डिझेलमध्ये टाकायच्या औषधाची) बाटली ओततात, नाहीतर थेट रीमॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घ्यायला निघतात. अरे, आधी खाली वाकून चाकं तर बघा!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पावसाळाभर ट्रेलर हँडब्रेक ओढून उभा ठेवणं. माझा पुण्यात सिंहगड रोडला सोसायटीत तसाच चार महिने उभा होता. दिवाळीत कोल्हापूरला निघालो तर गाडी ओढतच नव्हती, कात्रजचा बोगदा येईपर्यंतच कळलं की काहीतरी गडबड आहे, कारण ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच मंदावत होती. निघण्याआधी गाडी दाखवली तेव्हा गॅरेजवाल्याने एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, बिल घेतलं, ट्रेलरला हातही लावला नाही. शिरवळला चहाला थांबलो तर जळका वास. ट्रेलरच्या उजव्या चाकाचा हब (चाकाचा मधला भाग) कोमट आणि डाव्याजवळ हात नेववत नव्हता. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, ब्रेकचा लायनर चाकातल्या ड्रमला घासत होता, म्हणजे पन्नासेक किलोमीटर मी ब्रेक दाबूनच डिझेल जाळत आलो. तसंच पुढे खंबाटकी घाटाच्या उतारावर गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

तेव्हापासून ट्रेलर उभा करताना हँडब्रेक नाही, दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. निघायच्या आदल्या दिवशी जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवतो आणि पहिल्या थांब्यावर हबजवळ हात नेऊन बघतो, थेट चिकटवू नका, भाजतं. दोन मिनिटांचं काम, पण नव्या लोकांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक स्पीड. हायवे मोकळा दिसला की शंभर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 100 ऐवजी 80 ने गेलात तर तो 36 टक्के कमी होतो, आणि ट्रेलरचं सपाट तोंड म्हणजे हवेत उभी केलेली भिंतच. कोल्हापूरला अर्धा तास उशिरा पोचाल, पोचू द्या की.

पाण्याची टाकी घरून भरून नेऊ नका, 100 लिटर म्हणजे सरळ 100 किलो, मुक्कामाजवळ भरा. गाडीची हवा सगळे बघतात, ट्रेलरच्या टायरची कोणीच नाही, ती टायर थंड असतानाच बघायची. सामान मागे कोंबू नका, ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या हुकावर यायला हवा. चढाला टॉप गिअर धरून इंजिन घुसमटवू नका, वेळेत खालचा टाका.

आणि उताराला न्यूट्रल, हे मात्र अजिबात खपवून घेणार नाही. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येताना मागे ट्रेलर असूनही लोक न्यूट्रल टाकतात. गिअरमध्ये पाय उचलला की आताची इंजिनं डिझेल बंदच करतात, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळत राहतं, वर सगळा भार ब्रेकवर. मी तिथे तिसऱ्यात येतो, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.