छोट्या धंद्यातल्या कॉम्प्युटरचा कारभार हातात कसा घ्यावा

वागळे इस्टेटमधला गाळा असो की तुर्भ्याच्या बाजारातली पेढी, उधारी कुणाकडे किती थकली आहे ते मालकाला तोंडपाठ असतं. कॉम्प्युटरचं विचारलं की मात्र ‘ते आमचा मुलगा बघतो’ हे ठरलेलं उत्तर. तो मुलगा नोकरी सोडून गेला की २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आधी एक वही घाला. एक्सेल नको, वहीच बरी. कॉम्प्युटर, प्रिंटर, टॅली, वेबसाइटचं नाव, ईमेल, बँकेचं लॉगिन असं एकेक लिहून काढा. पुढे बिल कुठे आहे, मुदत कधी संपते आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो हे लिहा. खरी गोम या शेवटच्या रकान्यात आहे. जीएसटी पोर्टलवर अकाउंटंटचा नंबर, वेबसाइट ती बनवणाऱ्याच्या नावावर, सहीचं डिजिटल टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, असं चित्र घरोघरी दिसेल. धंद्याच्या नावावर एक वेगळं सिम घ्या आणि हळूहळू सगळं त्यावर आणा. जीएसटी पोर्टलवरचा नंबर नॉन-कोअर दुरुस्तीतून (नोंदणीतली किरकोळ माहिती बदलायची सोय) बदलता येतो, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पण लॉगिन चालू आहे तोवरच हे काम उरका, नंतर ऑफिसात खेटे घालावे लागतात. पासवर्ड मात्र या वहीत नकोत. ते बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवा.

आता बॅकअप. पेनड्राइव्ह कायम सीपीयूलाच खोचलेला असेल तर तो बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर दोन्हीकडचा डेटा एकदमच कुलूपबंद होतो. एक प्रत मशीनवर, दुसरी काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, तिसरी घरी किंवा क्लाउडवर ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि एखाद्या पार्टीची बाकी जुळते का बघा. हे कुणीच करत नाही, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी डेटा उतरवून घ्या आणि हार्ड डिस्क काढून ठेवा. तळमजल्याचा गाळा असेल तर पावसाळ्याआधी सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऑफिसातली मशीन बदलायला काढा. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राला) जोडलेला जुना पीसी नीट चालत असेल तर बदलायची घाई नको. फक्त त्याची इंटरनेटची वायर काढून टाका.

प्रत्येक माणसाला स्वतंत्र लॉगिन द्या, तो काम सोडेल त्याच दिवशी ते बंद करा.

‘आमचं बँक खातं बदललंय’ असा सप्लायरचा मेल आला तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण त्या वेळी नंबर शोधण्यात जाणारा वेळ चोराच्या पथ्यावर पडतो.